गारखेड्यातला समुद्र

मृण्मयी : सात पॉइंट एक! नाना, परत सात पॉइंट एक! चारही बाटल्या मोजल्या, चारही एकच सांगतात!

नानासाहेब : मग ओरड की जरा मोठ्यानं! आत्ताचं खालच्या मजल्यापर्यंतच गेलं. पर आधी सांग, हे चांगलं का वाईट? हसत नाचायचं का रडत नाचायचं, तेवढं ठरवू दे.

मृण्मयी : वाईट! भयंकर वाईट! पण सापडलं ना आपल्याला! समुद्राचं पाणी आठच्या आसपास असतं, नाना. आकडा जितका खाली, तितकं पाणी आंबट. गाड्यांचा, कारखान्यांचा धूर हवेत जातो, त्यातला कार्बन समुद्र पितो आणि हा आकडा वर्षानुवर्षं केसा-केसानं उतरत जातो. आणि इथं एका खाडीत एकदम सात पॉइंट एक!

नानासाहेब : म्हंजे जिना उतरणारा गडी थेट गच्चीवरून पडला.

मृण्मयी : अगदी तसंच!

अनसूया : काय पडलं गं बाहेर? कपबशी का?

नानासाहेब : कपबशी नाय, समुद्र पडला!

अनसूया : मग पुसून घ्या. फडकं मोरीत आहे. आन् पाण्यानं नका पुसू, कोरडंच पुसा.

नानासाहेब : बघ. पन्नास वर्सं झाली, ह्या बाईला मी एक बी गोष्ट पुरी सांगू शकलो नाय. बरं, ते असू दे. मला ह्याच्यात काय नवल वाटत नाय. मी काल सांजच्यालाच गुलमंडीवर सांगून आलो, की नातीनं समुद्र आंबला म्हणून पकडलाय.

मृण्मयी : काल? नाना, काल मी मोजलंसुद्धा नव्हतं! खोका कालच बसनं आला कोकणातून!

नानासाहेब : म्हणूनच तर. मोजल्यावर काय, कुणीबी सांगंल.

मृण्मयी : कुणाकुणाला सांगितलंत?

नानासाहेब : जास्ती नाय. कडूबाच्या कापडाच्या दुकानात जेवढी बसली होती, तेवढ्यांनाच. एक पेपरवाला होता त्यातला. म्हणाला, संभाजीनगरात समुद्र कुठून आला? मी म्हटलं, बाबा, तुझं वय काय? बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावची विहीर खणत खणत इतकी खोल नेली, की खाली खारट पाणी लागलं. बादलीत एक खेकडा वर आला. मिश्या पुसल्या त्यानं आन् अदबीनं विचारलं, ‘पावणं, मुंबई कोणत्या हाताला?’

मृण्मयी : आणि त्यानं ते लिहून घेतलं?

नानासाहेब : खेकड्याचं नाय घेतलं. तुझं घेतलं. आज दुपारी येतोय तो, फोटो काढायला. डोकं विंचरून ठेव.

मृण्मयी : देवा! ...पण येऊ दे. येऊ दे! खरं आहे ना ते! नाना, मला हसू का रडू तेच कळत नाहीये. कारण ह्याच्यात आपला भोपळा गेला.

नानासाहेब : गेला? वाहून गेला?

मृण्मयी : वाहून नाही हो. आपलं यंत्र तिथंच आहे, वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या खाडीत, दोराला बांधलेला. तासातासाला माझ्या फोनवर आकडा पाठवतोय. हा बघा. बाटल्या भरल्या तेव्हा आठ, काल रात्रभर आठ, आज सकाळी आठ, आत्ताही आठच. पाणी सात पॉइंट एक असताना हा गधडा आठ म्हणतोय. यंत्र आणि बाटली भांडली तर बाटलीचं ऐकायचं, असा आमच्यात नियम आहे. म्हणजे चिकलठाण्याच्या शेडमध्ये मी आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या अमेयनं दोन वर्षं जे बनवलं, ते खोटं बोलतंय.

नानासाहेब : त्याला नाव मी ठेवलं म्हणून का काय? आम्ही विहिरीत पवायला शिकताना पाठीला भोपळा बांधायचो, बुडू नये म्हणून. त्या मायेनं ठेवलं होतं गं.

मृण्मयी : नावाचं जाऊ द्या. मला आता लक्ष्मीबाईंना फोन करायचाय.

नानासाहेब : त्या कालवंवाल्या?

मृण्मयी : हो. त्यांच्या बचत गटानं खाडीत दोरांवर कालवांचं बी लावलंय. नखाएवढी शिंपल्यांची पिल्लं आहेत. पाणी एवढं आंबट झालं तर त्यांचं कवचच धरत नाही, झिजून जातं. मग दोर काढून खाडीच्या तोंडाशी, चांगल्या पाण्यात न्यायला पाहिजेत. पण ह्या मे महिन्याच्या उन्हात दोर वर काढले, तर त्यातलं निम्मं बी वाटेतच मरतं. सकाळी पहिली बाटली मोजली तेव्हाच मी त्यांना म्हटलं, तयारी ठेवा, पक्कं काय ते ओहोटीला सांगते. बायका आत्ता किनाऱ्यावर माझ्या फोनची वाट बघत असतील.

नानासाहेब : म्हंजे तू हां म्हटलीस तर निम्मं मरणार, आन् नाय म्हटलीस तर...

मृण्मयी : ...आणि पाणी खरंच आंबट असलं, तर सगळंच. आणि बाटल्या म्हणतात, आंबट आहे.

अनसूया : सरका जरा. चहा आणलाय. अर्धा अर्धाच आहे, टँकर येईस्तोवर भागवा. अगं बाई! काय नितळलंय गं हे पाणी! काल आलं तेव्हा नुसता चिखल होता. आता बघा, वाचायचा चष्मा धरला तर आरपार दिसंल.

मृण्मयी : हो ना, गाळ खाली बसला रात्रीत.

अनसूया : असा आपोआप बसतो व्हय गाळ?

मृण्मयी : ...म्हणजे?

अनसूया : तू चहा घे आधी.

मृण्मयी : आजी, थांब. ही बाटली उजेडात धरते. खाली हे पांढरं पांढरं काय आहे? कापसाच्या पुंजक्यासारखं? खाडीच्या गाळाला असं... आजी, तू ह्या बाटल्या उघडल्या होत्यास?

अनसूया : उघडल्या आन् पुन्हा गच्च लावल्या. तुझी ती निळी पट्टी बी होती तशी चिकटवली.

मृण्मयी : आणि आत काय टाकलंस?

अनसूया : विष टाकल्यासारखं काय विचारतीस? तुरटी टाकली. चिमूटभर. बाटलीचं तोंड बारीक, खडा फिरवता येईना, म्हणून खलबत्त्यात कुटून टाकली.

मृण्मयी : तुरटी!

अनसूया : मग? टँकरचं पाणी येतं तेव्हा पहिलं काय करते मी? ह्या घरात गढूळ पाण्याचं भांडं तुरटीबिगर राहिलंय कवा? तुझी आई बाळंत झाली तवा दवाखान्यात बी घेऊन गेले होते पदराला बांधून.

नानासाहेब : हॅ हॅ हॅ! अगं, समुद्राला तुरटी! सगळ्या दुनियेत आजवर कुणाची हिंमत झाली नाय!

मृण्मयी : नाना, हसू नका! तुरटीनं पाणी आंबट होतं! आकडा समुद्रानं नाही पाडला, आजीनं पाडला! आजी, हे नमुने होते गं! कोकणातून बर्फात घालून आणलेले! तुला वाटलं तरी काय, कशाला आलंय हे पाणी आपल्या घरी?

अनसूया : प्यायला.

मृण्मयी : प्यायला?

अनसूया : त्या लक्ष्मीबाईनं मागं कोकम पाठवलं, आंबे पाठवले. फोनवर मला म्हणाली होती, आजी, तुमच्याकडं नळाला पाणी नाय म्हणून बातम्यांत बघितलं. मग काल खोका आला. उघडून बघते तर पाणी. मला वाटलं, बाई मोठ्या मनाची, तिच्याकडं जे हाय ते पाठवलं. आता पावण्याचं पाणी गढूळ हाय म्हणून नाव कसं ठेवायचं? गुपचूप नितळून ठेवलं.

मृण्मयी : आता मी काय करू? हे काही खरं धरता येत नाही.

नानासाहेब : करायचं काय त्यात? बाटल्या खोट्या ठरल्या, म्हंजे भोपळा खरा. वाजव ढोल!

मृण्मयी : असं होत नाही, नाना. बाटल्या बिघडल्या म्हणून भोपळा खरा ठरत नाही. तो नवा आहे, खाडीत शेवाळ चढतं, चुकू शकतो. मी ‘दोर राहू द्या’ म्हटलं आणि भोपळा चुकलेला असला, तर बायांचं वर्ष जाईल. माझ्या अंदाजावर त्यांचं बी कसं लावू पणाला? एक, फक्त एक बाटली न उघडलेली पाहिजे होती. एक! आणि लक्ष्मीबाई म्हणतसुद्धा होत्या, पाच भरल्या म्हणून. खोक्यात चारच निघाल्या. मला वाटलं, मोजताना चुकल्या.

नानासाहेब : चहा छान झालाय.

अनसूया : अहो. इकडं बघा. चहाला छान कवा म्हणता तुम्ही?

नानासाहेब : पाचवी गुलमंडीवर हाय.

मृण्मयी : काय!

नानासाहेब : आता लोक म्हणणारच, समुद्र दाखवा. रिकाम्या हातानं जाऊ? माझी काय इभ्रत हाय का नाय? खोका आला तशी एक उचलली आन् गेलो. कडूबाच्या शोकेसमध्ये ठेवली, पैठण्यांच्या शेजारी.

मृण्मयी : म्हणजे आजीनं तुरटी घालायच्या आधी?

नानासाहेब : ही तवा भाजीला गेली होती.

मृण्मयी : नाना! पण त्या लोकांनी उघडली असेल! हुंगली असेल, चाखली असेल!

नानासाहेब : छ्या! बिशाद हाय का कुणाची? मी सांगून आलोय, ह्या पाण्याला सवय हाय भरतीची. झाकण जरा सैल झालं, की पाणी आपल्या ठिकाणाला जायला निघतं. मागं एकदा असंच बूच उडालं, तर पैठण गेटापर्यंत गुडघाभर पाणी आन् लोक मासोळ्या धोतरात घालून घरी नेत होते. कडूबानं शोकेसला कुलूप घातलंय. वरून दोन वेळा उदबत्ती फिरवतोय.

मृण्मयी : आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या थापेचं भलं होवो! फोन लावा त्यांना!

नानासाहेब : लावला, लावला. हॅलो, कडूबा? मी येतोय बाटली न्यायला. अरे हां, तीच. आज पौर्णिमा नाय ना? मग भिऊ नको. आडवी करू नको. कुलूप काढताना गिऱ्हाईकं बाहेर काढ, बायकामाणसं आधी. आलोच! पोरी, रिक्षासाठी खाली पळतो मी.

अनसूया : पळू नका, गुडघा धरून येताल!

(नानासाहेब गुलमंडीला गेले आहेत. घरात अनसूया आणि मृण्मयी. टेबलावरचा फोन वाजतो; मृण्मयी तो स्पीकरवर टाकते. पलीकडून लक्ष्मीबाई.)

लक्ष्मीबाई : हॅलो! मृण्मयीबाय? ओहोटी लागली गो. बायका कमरेभर पाण्यात उभ्यो आसत. दोर काढू की नको, एक काय तां सांग.

मृण्मयी : लक्ष्मीताई, थोडं थांबा. सकाळचा आकडा चुकीचा निघालाय. नवा घेतेय.

लक्ष्मीबाई : चुकीचो? सकाळी तर तू नाचत होतस.

मृण्मयी : हो. म्हणून आता हातात आल्याशिवाय बोलणार नाही. तुमचं पाणी कुणीतरी... म्हणजे आमच्याकडून बिघडलं.

अनसूया : कुणीतरी नाय, बाई, मी बिघडवलं. मी आजी बोलते. तुम्ही पाठवलेलं पाणी मी प्यायचं समजले. तुरटी घातली त्यात.

लक्ष्मीबाई : अगो आजी! तां तपासूक पाठवलेलां! प्यायलंस काय?

अनसूया : नाय, नाय. आज सणासारखं काढणार होते.

लक्ष्मीबाई : बरां झालां! समुद्राचा पाणी तां, एक घोट घेतलंस तर माका शिव्या घातलं असतंस. मृण्मयीबाय, आजीक ओरडू नको हां. मी थांबतंय. पण भरती इली की आमका उभ्यान रवाक जमूचा नाय.

मृण्मयी : मी फोन करतेच. नक्की करते.

अनसूया : ...ठेवला का? चांगली बाई हाय. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मृण्मयी : मी ओरडले ना तेवढं.

अनसूया : तू कुठं ओरडलीस? तू तर रडकुंडीला आलीस. मनू, एक विचारू? त्या एवढ्या पाण्यात तुझा एक भोपळा, आन् तो आकडा पाठवतो. खरा असला का खोटा, समुद्र तर तसाच राहणार ना? मग जीव एवढा का टांगणीला?

मृण्मयी : आजी, तू पहाटे उठून पाइपाला कान का लावतेस?

अनसूया : पाणी यायच्या आधी हवा येते. सूं सूं करतं. तेवढं कळलं की भांडी लावता येतात.

मृण्मयी : भोपळा म्हणजे तेच. समुद्र बिघडणारच आहे, हळूहळू. ते माझ्या हातात नाही. पण आधी कळलं, तर त्या बायकांना दोर हलवता येतील. खोटं सांगणारा कान असेल तर, नसलेलाच बरा.

अनसूया : मग असं आधी का नाय सांगितलंस? मी त्या खोक्याला हातबी लावला नसता. तू म्हणालीस, ‘सॅम्पल आहेत’. सॅम्पल तर साबणवाला बी देऊन जातो.

मृण्मयी : चुकलंच माझं. ...आजी, रिक्षा!

नानासाहेब : दार उघडा! भरती आली, भरती आली! बाजूला व्हा! धर पोरी, दोन्ही हातांनी धर!

मृण्मयी : हे काय? हिला नेसवलंय काय?

नानासाहेब : कडूबानं साडीच्या फालाचा कपडा गुंडाळलाय, धक्का लागू नये म्हणून. ते कुंकू हाय, घाबरू नको. इथल्याच सातारा परिसरातून एक बाई लुगडं घ्यायला आली होती, तिनं वाहिलं. म्हणाली, आमच्या नव्या कॉलनीत पाइपलाइन येऊ दे.

मृण्मयी : कुंकू बाहेरूनच वाहिलं ना?

नानासाहेब : बाहेरूनच. सील बघ, जसंच्या तसं. रिक्षावाल्यानं विचारलं, चाचा, इसमें क्या है? म्हटलं, समंदर. म्हणाला, तो धीरे चलाऊं?

मृण्मयी : सील शाबूत! गढूळ! आजी, बघ, किती सुंदर गढूळ आहे! थांबा, आधी मीटर ठरलेल्या आकड्याच्या पाण्यात तपासून घेते. चार... बरोबर. सात... बरोबर. दहा, बरोबर. आता कुणी बोलू नका.

नानासाहेब : आम्ही कुठं...

अनसूया : अहो!

मृण्मयी : चढतोय. सात पॉइंट चार. पॉइंट सहा. पॉइंट आठ. चल, चल रे... सात पॉइंट नऊ... हलतोय अजून... सात पॉइंट नऊ पाच. थांबला. थांबला!

नानासाहेब : आठ नाय झालं?

मृण्मयी : व्हायला नकोच होतं! एक रात्र उकाड्यात दुकानात होती ना, आतले बारीक जीव श्वास घेतात, त्यानं पाणी थोडं उतरतंच! पुन्हा घेते. ...तेच! तेच आलं! नाना, भोपळा खरा! रात्रभर खरं बोलत होता, आणि मी त्याला गधडा म्हणत होते!

नानासाहेब : शाबास रे माझ्या पठ्ठ्या! मी नाव ठेवलेलं पोर हाय ते!

मृण्मयी : पाणी चांगलं आहे! दोर काढायचे नाहीत! फोन, माझा फोन कुठाय?

अनसूया : हा घे. लाव आधी त्या बाईला, उभी हाय ती पाण्यात.

नानासाहेब : पर पोरी, मग पेपरवाल्याला काय सांगू? तो फोटोवाला घेऊन येतोय.

मृण्मयी : सांगा, समुद्र ठीक आहे.

नानासाहेब : ही काय बातमी झाली?

मृण्मयी : माझ्यासाठी आजची हीच आहे. हॅलो, लक्ष्मीताई! राहू द्या! दोर राहू द्या! पाणी चांगलं आहे, बाटलीनं आणि यंत्रानं दोघांनी सांगितलं. आता भोपळा तिथं जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा.

लक्ष्मीबाई : खरां? खरां सांगतस? ए बायांनो, सोडा गो ते दोर! सोडा खाली! मृण्मयीबाय, तुझो डबो हयच माज्या कमरेक धक्के मारता. देव त्याचा बरां करो. आजी खय?

अनसूया : इथंच हाय, बाई. ऐकते.

लक्ष्मीबाई : आजी, आता रागवू नको, पण पुढच्या खेपेक नारळाचा पाणी पाठवतंय.

अनसूया : पाठवा. त्याला मी हात लावणार नाय. बाई, तुमच्या मागं ते कसलं वाजतंय? मशीन चालू हाय का?

लक्ष्मीबाई : मशीन? अगो, समुद्र तो! तू कधी इलंस नाय काय हय?

अनसूया : मी? पैठणला गेलते, धरण बघायला. त्याच्यापुढं नाय.

लक्ष्मीबाई : थांब तर. फोन पाण्याकडे धरतंय. ऐक.

नानासाहेब : काय म्हणतो गं? मला दे. त्याची भाषा मला कळते, आमची जुनी ओळख...

मृण्मयी : नाना, शू. ऐकू दे तिला.

नानासाहेब : सांग तरी, काय ऐकू येतंय?

अनसूया : एवढं पाणी चाललंय हो... आन् भरायला एक घागर वाजंना कुठं.